डिक्टेशन मशिन शोकेसमध्ये नको, चालू हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी इथे न्यू जर्सीत रोज ऑनलाइन वाचतो. मध्यंतरी पुरवणीत मोबाइलला बोलून पत्र लिहायला सांगण्यावर लेख आला होता, लेख मस्त होता, फक्त वाचताना असं वाटत होतं की माणूस मशिनशी बोलून ऑफिसचं काम उरकतो ही गोष्ट गेल्या दहा-पंधरा वर्षांतलीच आहे. म्हणून हे पत्र.

मी राहतो त्या गावाचं नावच एडिसन. 1954 साली हे नाव दिलं, कारण एडिसनसाहेबांची मेन्लो पार्कची लॅब इथलीच. आता ओक ट्री रोडवर साड्या, सोनं आणि चाट मिळते ते सोडा, पण 1877 साली फोनोग्राफ, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून परत वाजवणारं यंत्र, जन्माला आलं ते इथे. पुढच्याच वर्षी त्यांनी एका मासिकात या यंत्राचे उपयोग क्रमाने लिहिले, त्यात पहिला नंबर पत्रव्यवहार आणि डिक्टेशनचा, तेही स्टेनोशिवाय! गाणी चौथ्या नंबरवर. म्हणजे ज्याला आपण गाण्याचं यंत्र म्हणतो ते बापाच्या डोक्यात आधी ऑफिसचं यंत्र होतं.

साहेबाचं बोलणं रेकॉर्ड करून टायपिस्टला नंतर ऐकवणारी जुनी डिक्टेशन मशिन्स जमवायचा मला नाद आहे. बायको याला भंगार म्हणते, मंडळातले लोक "काय, नवीन काय सापडलं?" असं हसत विचारतात, पण मी ती नुसती जमवत नाही, चालवतो, आणि माझं म्हणणं आहे की चालवायलाच हवीत.

सुरुवातीच्या मशिन्समध्ये मेणाचा सिलिंडर असायचा. साहेब नळीत तोंड घालून बोलणार, सुई मेणात चर पाडणार, मग सिलिंडर टायपिस्टकडे, ती कानाला नळ्या लावून टाइप करणार. काम झालं की सिलिंडर एका वेगळ्या शेव्हिंग मशिनवर चढवून वरचा थर तासायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तोच वापरायचा. त्यामुळे अशा सिलिंडरवर सापडलंच तर फक्त शेवटचं पत्र सापडतं, आधीची सगळी तासून गेलेली. आणि मेणाला दमट हवा लागली की पांढरी बुरशी धरते, ती चरांमध्ये शिरली की आवाज गेलाच समजा.

1947 मध्ये डिक्टाफोन कंपनीने मेण सोडून डिक्टाबेल्ट आणला. हा प्लास्टिकचा पातळ पट्टा, साडेतीन इंच रुंद, रुंद रबरबँडसारखा गोल. मशिनमध्ये दोन रूळ असतात, पट्टा त्यांवर सरकवायचा, खटका ओढला की रूळ एकमेकांपासून लांब सरकतात आणि पट्टा ताठ बसतो, मग सुई त्यात चर दाबत जाते. कापत नाही, दाबते, म्हणून भुसा पडत नाही. एका पट्ट्यावर पंधरा मिनिटं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा पट्टा पुसता येत नाही, म्हणून कोर्टांना आणि पोलिसांना तो सोयीचा वाटला.

एका लॉटमध्ये मला मशिनबरोबर वापरलेले पट्टे आले होते. एक लावला तर कोणी विम्याचा माणूस बोलतोय, गोठलेल्या पाइपमुळे कोणाच्या तळघरात पाणी शिरलं त्याच्या क्लेमचं पत्र, "कॉमा... पीरियड... न्यू पॅराग्राफ" आणि मध्येच खोकला, मग टायपिस्टला सूचना की शेवटचं वाक्य काढून टाक, ग्राहक भडकेल. ते वाक्य पत्रात गेलं नसणार, पट्ट्यावर मात्र अजून आहे.

आता माझा राग कुठे आहे ते सांगतो. इथे जुन्या वस्तू विकणारे मशिन ठेवतात आणि पट्टे "वापरलेले आहेत" म्हणून कचऱ्यात टाकतात. आणि इंटिरिअरवाले तर त्यांच्या वर, सिलिंडर मशिनच्या लोखंडी स्टँडचे दिवे करतात, पितळ घासून चकचकीत करतात आणि आतलं सगळं उपसून टाकतात. दिसायला सुंदर, उपयोग शून्य. डिक्टाबेल्ट ऐकायला मशिन लागतं, दुसरा सोपा रस्ता नाही. तसंच ग्रे ऑडोग्राफ या दुसऱ्या डिक्टेशन मशिनचं, त्याची निळी लवचिक तबकडी आतून बाहेर वाजते आणि तबकडीवर टेकलेलं चाक ती फिरवतं, त्यामुळे फिरण्याचा वेग कडेला जाता जाता कमी होतो, साध्या रेकॉर्ड प्लेअरवर लावली तर आवाजाचा पार विचका होतो.

हे किती महत्त्वाचं असू शकतं त्याचं उदाहरण म्हणजे केनेडींचा खून. 22 नोव्हेंबर 1963 ला डॅलस पोलिसांचा एक रेडिओ चॅनल डिक्टाबेल्टवर रेकॉर्ड होत होता आणि दुसरा ऑडोग्राफवर. 1979 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने पट्ट्यावरचे ठोके गोळ्यांचे धरून निष्कर्ष काढला की बहुधा दोन बंदूकधारी होते. मग ओहायोतल्या एका ड्रमरने मासिकासोबत मिळालेल्या प्लास्टिकच्या रेकॉर्डवर तेच रेकॉर्डिंग कान देऊन ऐकलं, तर त्याला त्याच जागी दुसऱ्या चॅनलवरचं शेरीफचं बोलणं पुसटसं ऐकू आलं, जे गोळीबारानंतरचं होतं. 1982 मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने सांगितलं की ते ठोके खुनानंतर साधारण एक मिनिटाने रेकॉर्ड झालेत. तज्ज्ञांनी आलेख काढले आणि चूक पकडली ढोल बडवणाऱ्याने, मला हे फार आवडतं.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. मंडेला आणि त्यांच्या साथीदारांवरचा 1963-64 चा रिव्होनिया खटला डिक्टाबेल्टवर रेकॉर्ड झाला होता, 20 एप्रिल 1964 चं मंडेलांचं आरोपीच्या पिंजऱ्यातलं भाषण आज आपण त्यांच्या आवाजात ऐकतो ते त्या पट्ट्यांमुळे. दोनशेहून जास्त तासांचं रेकॉर्डिंग आहे. पट्टे चपटे करून ठेवले की घडी पडते आणि घडीवर सुई उडते, मग हलकी ऊब देऊन घडी सैल करावी लागते, हे काम किती जिकिरीचं आहे ते एक पट्टा लावून बघितला की कळतं.

माझी मोठी बहीण फोर्टात एका कंपनीत स्टेनो होती, पिटमन शॉर्टहँड, साहेब केबिनमध्ये येरझाऱ्या घालत बोलणार आणि हिने वहीत उतरवायचं. आपल्याकडे स्टेनो मुबलक होत्या, त्यांच्या पगारापुढे आयात मशिन कोण घेणार, असं माझं मत. ती इथे आली तेव्हा तिला मी टायपिस्टच्या मशिनचं पायाने दाबायचं पेडल दाखवलं, दाबलं की वाजतं, सोडलं की थांबतं, मागे नेलं की परत ऐकवतं. म्हणाली, "आमच्या साहेबाला असं मागे नेता आलं असतं ना, तर माझी निम्मी चिडचिड वाचली असती."

तरी शेवटच्या काळातलं सामान आपल्याकडेही आहेच. वकिलांकडे, डॉक्टरांकडे आणि तुमच्या जुन्या वार्ताहरांच्या ड्रॉवरमध्ये छोट्या कॅसेट पडलेल्या असतील. त्यात दोन जाती आहेत, 1967 ची फिलिप्सची मिनी कॅसेट आणि 1969 ची ऑलिम्पसची मायक्रो कॅसेट, दिसायला सारख्या पण एकीच्या मशिनमध्ये दुसरी चालत नाही. मिनीत टेपचा वेग स्थिर ठेवणारा दांडाच नसतो, रीळच टेप ओढतं, म्हणून ज्या मशिनवर रेकॉर्ड केलं त्याच्याशी जुळणारं मशिन नसेल तर आवाज चिरका नाहीतर घोगरा येतो.

तेव्हा विनंती एवढीच की तुमच्या पेपरमधल्या निवृत्त मंडळींना एकदा ड्रॉवर उघडायला सांगा, मुलाखतींच्या कॅसेट असतील तर रेकॉर्डरसकट ठेवा. आणि कृपा करून लगेच प्ले दाबू नका. आधी आतले सेल काढा, ते गळून सगळं खातात, मग रबराचे पट्टे बघा, चिकट झाले असतील तर टेप गुंडाळून बसते. रिपेअरवाल्याने पट्टे बदलले की आधी कोरी कॅसेट चालवून बघा, ती नीट फिरली तरच खरी लावा, आणि पहिल्यांदा वाजवतानाच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घ्या.

आपला,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी