तात्याचा पंचा

बेळगाव,
रविवार, दुपार

चि. मेघा,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी हसलो ते तुला लागलं, हे तू फोन ठेवलास त्यावरूनच कळलं. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. चहा येतो, पण कपबशी आपटून. म्हणून कागद घेऊन बसलोय. फोनवर मला नीट सुचत नाही, आणि तू मधेच तोडतेस.

तू विचारलंस, "आप्पा, तुम्हीच सांगा, मी खेळाडू आहे की नाही?" कबड्डीच्या पोरींना सरावाची हजेरी मिळते आणि कॉलेजची शर्यतीची गाडी चालवणाऱ्या तुला मिळत नाही, तुमच्या कॉलेजात म्हणे हा 'प्रोजेक्ट' आहे, खेळ नव्हे. आणि मी काय म्हणालो? "स्टेअरिंगवर बसून खेळाडू होता आलं असतं तर बस चालवून एकोणतीस वर्षांत मलापण चार पदकं मिळाली असती." तात्या शेजारीच होता. तोही खो खो हसला. वर म्हणाला, "अंगाला माती लागल्याशिवाय कसला खेळ गे?"

तात्याच्या हसण्याचं मनावर घेऊ नकोस. कंग्राळीच्या तालमीत आयुष्य गेलेला माणूस तो. त्याच्या लेखी खेळाडू एकच, एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, १९५९ चे पहिले हिंदकेसरी, आपल्याच जिल्ह्यातले. क्रिकेटलासुद्धा तो 'उन्हात उभं राहायचं काम' म्हणतो. माझ्या हसण्याचा राग धर. मला गाडी कळते, आणि तरी मी हसलो.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. आईलाही अर्धीच माहीत आहे. तू दुसरीत असशील. पणजीची गाडी घेऊन मी निघालो होतो, जांबोटी मागं टाकली, कणकुंबीला पोचेपर्यंत आभाळ फाटल्यासारखा पाऊस. पुढं धुकं असं, की वायपरच्या पलीकडं नुसतं दूध. आणि चोर्ल्याच्या उतरणीला लागायच्या आधी गिअर तिसऱ्यात अडकला तो अडकलाच. वरही जाईना, खालीही येईना. थांबायला हवं होतं, आज कबूल करतो. पण थांबणार कुठं? मागं ट्रक, रस्त्याला कड नाही, गाडीत चाळीसएक माणसं. दुसऱ्यात उतरायचा घाट मी तिसऱ्यात उतरवला. त्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नव्हतं. प्रत्येक वळणाला अख्ख्या अंगानं चाक ओढायचं, डावी पोटरी इंजिनाच्या बॉनेटला भाजत असायची. खाली गोव्यात साखळी गावाला चहाच्या टपरीवर गेलो तर पेला उचलता येईना. दोन्ही हातांनी धरला तरी थरथरून निम्मा चहा शर्टावर. कंडक्टर म्हणाला, "काय झालं हो?" म्हटलं, "काही नाही, गारठलो."

गाडीतल्या एकाही माणसाला काही कळलं नव्हतं. एक बाई तेवढी कुरकुरली, गाडी फार हलते म्हणून.

तू फोन ठेवलास त्या रात्री शेजारच्या ओंकारनं मला त्याच्या मोबाइलवर फॉर्म्युला वनची, म्हणजे मोटारींच्या सगळ्यात वरच्या दर्जाची, जुनी शर्यत दाखवली. १९९१, ब्राझील. आयर्टन सेना नावाचा त्यांचाच माणूस, घरच्या मैदानावर. शेवटच्या फेऱ्यांत गिअरबॉक्स बिघडला, एकटा सहावा गिअर उरला. मंद वळणंसुद्धा सहाव्यात. तरी जिंकला, पण गाडी थांबली तेव्हा दंड आणि खांदे आखडून गेले होते. वर मंचावर त्याला करंडक उचलता येईना. कसाबसा डोक्यावर नेला, चेहरा पिळवटलेला. मी ते तीनदा बघितलं. ओंकारला वाटलं आप्पांना शर्यतीचं वेड लागलं. मला साखळीचा पेला दिसत होता.

मग रात्रभर मनात घोळत राहिलं. सेना खेळाडू, तर मी का नाही? आणि मी नाही, तर तू कशी? उत्तर सकाळी अंघोळीला पाणी तापवताना सापडलं. माझं काम काय होतं? काहीही होऊ न देणं. चाळीस माणसं झोपेत असताना पणजीला पोचली पाहिजेत. मी किती कष्टलो हे त्यांना कळलं, तर माझं काम बिघडलं. माझ्यासमोर कुणी नव्हतं. हरवायला कुणी नाही, हरायला कुणी नाही. हमालही पाठीवर क्विंटलभर उचलतो, म्हणून तो वेटलिफ्टर होत नाही. त्यात त्याचा कमीपणा नाही, माझाही नाही. तुझ्या अंगाला तेवढेच कष्ट पडतात, पण तुझ्यासमोर दुसरं कुणीतरी असतं, आणि घड्याळ असतं, आणि गाडी जिथं सुटणार त्याच्या बोटभर अलीकडं तुला ती धरून ठेवायची असते. मी त्या कडेपासून शंभर हात लांब राहायचा पगार घेत होतो.

हे तात्याला सांगितलं. तो एवढ्यानं कुठला ऐकतोय! म्हणाला, "गाडी पळते, पोरगी बसते. आपल्याकडं शर्यतीत बैल पळतो आणि गाडीवान नुसता बोंबलतो, बक्षीस बैलजोडीच्या नावावर लागतं. तसंच हे." मुद्दा अगदीच पोकळ नाही गं. गाडी वाईट असेल तर देवमाणूसही मागंच राहतो. आपला नारायण कार्तिकेयन बघ, कोइम्बतूरचा, २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय. जॉर्डन नावाच्या संघाची गाडी, मागच्या रांगेतली. वर्षभरात त्याला गुण मिळाले ते एकदाच, अमेरिकेत, आणि तेही कसे? मिशेलिन कंपनीचे टायर धोक्याचे म्हणून ते लावलेल्या चौदा गाड्या सुरू होण्याआधीच आत गेल्या, सहाच पळाल्या, त्यात हा चौथा. याला खेळ म्हणायचं की पैशाचा बाजार, असं कुणी विचारलं तर मी मान खाली घालीन. कुस्तीत वजनी गट असतात, इथं थैलीचे गट नाहीत. पण मी तात्याला विचारलं, तुझ्या तालमीत बदाम, दूध, तूप काय झाडाला लागत होतं? खुराकापायी आजोबांनी तळ्याकडची वीस गुंठे विकली, ती कुणासाठी? तो उठून बाहेर गेला. जरा लागट बोललो, पण खोटं नव्हतं.

संध्याकाळी परत आला तेव्हा ओंकार होताच. त्यानं २०२३ ची कतारची शर्यत लावली. रात्रीची शर्यत, तरी हवा भट्टीसारखी, ५७ फेऱ्या. ओकॉन नावाच्या पोराला पंधराव्या फेरीच्या आसपास हेल्मेटातच उलटी झाली, तसाच पुढं पळत राहिला आणि सातवा आला. सार्जंट नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं तब्येत बिघडली म्हणून गाडी आत आणली. स्ट्रोल नावाचा तिसरा शर्यत संपवून उतरला तो झोकांड्या खात अँब्युलन्सकडं गेला. जोराच्या वळणांत डोळ्यांपुढं अंधारी येत होती म्हणाला. त्यानंतर नियमच करावा लागला, आणि २०२५ पासून उष्मा ठरावीक मर्यादेच्या वर जाणार असेल तर गाडीत ड्रायव्हरला थंड ठेवायची सोय बसवावी लागते. बसायच्या जागी पन्नासच्या वर तापमान, एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन घामानं जातं. ब्रेकवर शंभर किलोच्या वर जोर द्यावा लागतो, तोही फेरीत कितीदातरी. आमच्या गाडीला निदान हवेचे ब्रेक होते.

तात्या गप्प बघत होता. मग ओंकार मानेचं सांगायला लागला. जोराच्या वळणात अंगावर पाचपट भार येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो, म्हणजे मानेला बाजूनं तीस-पस्तीस किलोची ओढ. आणि तेवढ्यात डोळा पुढच्या वळणावरून हलता कामा नये. तात्यानं मोबाइल हातात घेतला, चित्र थांबवलं, हेल्मेट काढलेल्या एका ड्रायव्हरची मान डोळे बारीक करून बघितली.

"ही मान केलेली आहे," तो म्हणाला. "अशी येत नाही. कोण करून घेतो रे यांची मान?"

एवढंच. पण पैलवानानं दुसऱ्याची मान बघून असं म्हणणं म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे.

आता तुमच्या कॉलेजचं. त्या लोकांवर फार चिडू नकोस. २००९ मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानंच फॉर्म्युला वन हा निव्वळ खेळ नाही, करमणूक आहे असं म्हटलं होतं. पुढं २०११ ला नोएडाजवळ शर्यत झाली तेव्हा करमणूक कर लावायचा की नाही यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तिसऱ्या वर्षानंतर शर्यतच बंद. आणि त्याच सरकारनं २०१९ मध्ये गौरव गिल या रॅली ड्रायव्हरला अर्जुन पुरस्कार दिला, मोटारींच्या खेळातला पहिलाच. सरकारला दहा वर्षं लागली, तुमच्या कॉलेजला दोन-चार लागायचीच. अर्ज कर, गिलचं नाव घाल त्यात, पण रडू नकोस. आपण कुठले हे १९५६ पासून दुसऱ्यांच्या कागदावर ठरतंय. पाटी कानडी, पावती कानडी, म्हणून आपल्या घरात भांडणं मराठीत व्हायची थांबली का? आणि पुण्यात तू "मी येतो" म्हणालीस की पोरी हसतात, त्यांना हसू दे. इथं पोरी असंच बोलतात.

एक मात्र खरं, स्टेअरिंग हातात असलेला प्रत्येकजण खेळाडू नव्हे. हायवेवर रात्री मोटरसायकली उडवणारी पोरंपण स्वतःला रेसर म्हणवतात. त्यातली दोन आपल्या गल्लीतली होती. तू ट्रॅकच्या बाहेर साठच्या वर गेलीस असं कानावर आलं तर अर्ज मीच मागं घ्यायला येईन.

जानेवारीत कोइम्बतूरहून आलीस तेव्हा तुझ्या तळहातावर फोड होते. भाकरीचा तुकडा मोडताना तू डाव्या हाताची बोटं वापरलीस. आईनं खोबरेल लावलं आणि मी म्हणालो, "हातमोजे घालत जा." बावीस किलोमीटरची ती शर्यत, निम्मी तू चालवलीस, आणि आग लागली तर पाच सेकंदांत गाडीतून बाहेर पडायचं म्हणून हॉस्टेलच्या पलंगावर उशा रचून सराव करत होतीस, हे तूच सांगितलं होतंस. तेव्हा मी पेपर वाचत होतो. ते फोड मला ओळखीचे वाटायला हवे होते.

गणपतीला चार दिवस आधी ये. तालमीत मारुतीपुढं बायकांना घेत नाहीत, आणि ते बदलायचा दम तात्यात नाही, पण परसात तो तुझी मान करून घेणार आहे. पहिला धडा सोपा आहे म्हणतो. पंचा कपाळाभोवती घ्यायचा, मैत्रिणीनं एका बाजूनं ओढायचा, मान तसूभर हलू द्यायची नाही. शंभर आकडे, मग दुसरी बाजू. झटका देऊन ओढायचं नाही, हे त्यानं तीनदा लिहायला सांगितलंय. रोज जेवणाआधी, नंतर नको.

पार्सलमध्ये कुंदा आहे, तो सगळ्यांना वाट. नाचणीचं पीठ फक्त तुझं. त्याखाली तात्याचा पंचा आहे, तालमीतला. धुतलाय असं तो म्हणतो. माती काही पुरती निघालेली नाही.

तुझे,
आप्पा