खाटेच्या दोऱ्या

धारणी, मेळघाट
२२ मार्च

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र होळीच्या आधीच मिळाले होते. परंतु कामासाठी मैदानी भागात गेलेली कोरकू आदिवासी कुटुंबे होळीलाच गावी परततात आणि त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी वर्षातील सर्वांत धावपळीचे असतात, म्हणून उत्तराला उशीर झाला. यंत्रांशिवाय आणि नियमित विजेशिवाय मी येथे नेमकी कोणती फिजिओथेरपी करतो, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर एका खाटेपासून द्यावे लागेल.

सिपना नदीच्या पलीकडच्या एका पाड्यावर पंचावन्न-साठ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. उजव्या अंगावरून लकवा गेल्यानंतर आठ महिने ते सुंभाच्या सैल खाटेवर पडून होते. त्या झोळीसारख्या खाटेत धडधाकट माणसालाही कूस बदलणे अवघड जाते, मग ज्याचे अर्धे अंग साथ देत नाही त्याने काय करावे? घरची माणसे मोठ्या मायेने त्यांना उठवत असत, पण लुळा हात धरून ओढत असत. त्यामुळे खांद्याचा सांधा सैल होऊन दुखू लागला होता. पाऊल खाली झुकलेल्या स्थितीतच आखडले होते. पहिल्या दिवशी मी एकही व्यायाम शिकवला नाही. त्यांच्या भावाला बरोबर घेऊन खाटेच्या दोऱ्या ओढून घट्ट केल्या, दुखऱ्या हाताखाली गोधडीची घडी ठेवली आणि कमरेला आधार देऊन कसे उठवायचे हे त्यांच्या पत्नीला दाखवले. आमच्यात दुभाषाचे काम गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंनी केले, कारण मला अजून कोरकू मोडकीतोडकीच येते. ही भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, झारखंडकडील मुंडारी-संथाळीच्या कुळातली आहे, त्यामुळे ओळखीच्या शब्दाचा आधार क्वचितच सापडतो.

"दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा" ही आपली सवयीची सूचना येथे निरुपयोगी ठरते. तुम्हाला काय करता यायला हवे, असे मी त्या गृहस्थांना विचारले, तेव्हा त्यांनी अंगणाच्या कडेकडे बोट केले. शौचासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते, याचे त्यांना सर्वांत जास्त दुःख होते. मग आमचे सगळे उपचार त्या पंचवीस-तीस पावलांभोवती रचले गेले. भावाने अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोन समांतर बांबू बांधले. तीन महिन्यांनी ते उंबरठा ओलांडून, काठी टेकत, त्या कडेपर्यंत एकटे जाऊ लागले. हाताची बोटे मात्र अजून उघडत नाहीत आणि ती उघडतील असे खोटे आश्वासन मी त्यांना दिलेले नाही.

आता ज्या गोष्टीने मला झोप लागू दिली नाही, ती लिहितो. गेल्या भाद्रपदात जन्मतः दोन्ही पावले आत वळलेले दोन महिन्यांचे एक बाळ आले. अशी पावले सरळ करण्याच्या पॉन्सेटी पद्धतीचे हिशेब तुला पाठच आहेत: दर आठवड्याला नवे प्लास्टर, अशी साधारण पाच-सहा, मग बहुतेक बाळांना टाचेमागच्या कंडरेवर छोटा छेद, त्यानंतर तीन महिने दिवसाचे २३ तास बूट आणि त्यांना जोडणारी पट्टी, आणि पुढे वयाच्या चार वर्षांपर्यंत ती झोपेत. प्लास्टरसाठी अमरावतीला जायचे म्हणजे सेमाडोह-परतवाड्याचा घाटरस्ता आणि आई-बाप दोघांची मजुरी बुडणार. तिसऱ्या प्लास्टरनंतर ते कुटुंब दिसेनासे झाले. होळीला परतले तेव्हा पावले जवळजवळ पूर्ववत वळलेली होती आणि मी त्या आईला चारचौघांत रागावलो. तिने खाली मान घालून एवढेच सांगितले की, कामाच्या गावी प्लास्टर भिजून सैल झाले, बाळ रात्रभर रडत राहिले, म्हणून त्यांनी ते पाण्यात भिजवून सोडवले. तेथे कोणाकडे जायचे हे त्यांना ठाऊक नव्हते.

चूक माझी होती. दिवाळीनंतर तुम्ही कुठे जाणार, हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. मी तिची माफी मागितली, तिच्या सासूसमोर. आता नव्या बाळाच्या नोंदीत मी रोगाच्या आधी स्थलांतराचे महिने लिहितो, प्लास्टरांची मालिका त्या महिन्यांच्या अलीकडे संपेल अशी आखतो, आणि ते जमणारच नसेल तर जाण्याच्या ठिकाणाजवळचे रुग्णालय आधी शोधून पालकांजवळ हिंदीत लिहिलेला कागद देतो. त्या बाळाचे पहिले प्लास्टर गेल्या मंगळवारी पुन्हा चढले. या वेळी मीही एसटीने सोबत गेलो होतो.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तुमच्या विभागात मुलांना लहान झालेले बूट-पट्टीचे जोड पडून असतील तर साफ करून पाठव, अगदी लहान मापाचे आधी. आणि आमच्या भागातला रुग्ण तुमच्या वॉर्डातून घरी निघेल, तेव्हा त्याच्या हाती इंग्रजीत छापलेला व्यायामाचा कागद देण्यापूर्वी तो झोपतो कशावर, बसतो कसा आणि वाटेत ओढा लागतो का, एवढे विचारून मला कळव. येथे मोबाइलला रेंज लागेल याचा भरवसा नाही, तेव्हा पत्रच टाक.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
जुना खोलीसोबती