सूचना : शनिवारचा खेळ, ‘नॉन हो सोन्नो’ (इटली, २००१)

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ६.३० वाजता नेहमीच्या सभागृहात इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो यांचा ‘नॉन हो सोन्नो’ दाखवणार आहोत. इंग्रजीत तो ‘स्लीपलेस’ नावाने ओळखला जातो. लांबी साधारण दोन तास, मध्यंतर नाही.

१९८३ मध्ये इटलीतल्या तोरिनो (ट्युरिन) शहरात झालेल्या खुनांची फाईल बंद झालेली असते, संशयितही मेला असं सगळे धरून चालतात. सतरा वर्षांनी त्याच पद्धतीने पुन्हा खून सुरू होतात, आणि विस्मरणाने बेजार झालेले निवृत्त पोलीस अधिकारी मोरेत्ती जुने धागे उकलायला बसतात. ही भूमिका माक्स फॉन सिडो यांची. दिग्दर्शक बर्गमनच्या ‘द सेव्हन्थ सील’मधला त्यांचा सरदार आठवत असेल, तर इथे त्यांचं म्हातारपण जरूर पाहा.

उशिरा येऊ नका, ही कळकळीची विनंती. सुरुवातीलाच रात्रीच्या जवळपास रिकाम्या आगगाडीत एकटी सापडलेली बाई आणि तिच्या हाती चुकून लागलेली एक फाईल, हा प्रसंग चुकला तर चित्रपटाचा निम्मा थरार गेला. पुढे नाट्यगृहात कॅमेरा गालिच्यालगत सरकत जातो तो लांबलचक शॉटही डोळ्यांत तेल घालून बघा. संगीत गोब्लिन या इटालियन रॉक बँडचं, त्यामुळे आवाज मोठाच ठेवणार आहोत.

हिंसा उघड आणि रक्तरंजित आहे. १८ वर्षांखालील मुलांना कृपया आणू नये. सबटायटल्स इंग्रजी. ज्यांनी आधी पाहिलाय त्यांनी खुन्याचं नाव ग्रुपवर फोडू नये. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.