संपलं असं नाही, पण…

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, तुझ्या मते सगळं संपलंच का?" असं तू चिडून विचारलंस. संपलं असं मी म्हणत नाही. पण पृथ्वीचं हे तापत जाणं माणूस वेळेत थांबवेल यावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि तुझी खोटी समजूत काढणं माझ्या जिवावर येतं.

माहीत नव्हतं ही सबब चालणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1896 सालीच मांडला होता. हवाईतल्या मौना लोआ या डोंगरावर 1958 मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. आता 420 च्या वर आहे. मधल्या काळात हवामानावरच्या जागतिक परिषदा होत राहिल्या: रिओ झालं, क्योटो झालं, पॅरिस झालं. तरी कोळसा, तेल आणि वायू यांपासून दूर जायचं, एवढं कागदावर यायला 2023 ची दुबईची परिषद उजाडावी लागली! पुढचंच वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त तापलं.

तू ओझोनचा दाखला देतेस. ओझोनचा थर विरळ करणारी रसायनं बंद करायच्या 1987 च्या मॉन्ट्रियल कराराने काम केलं, थर भरून येतोय, मान्य. पण तिथे प्रश्न मोजक्या रसायनांचा होता, ती बनवणाऱ्या कंपन्याही थोड्या, आणि पर्याय सापडले. इथे जगाच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास चार पंचमांश ऊर्जा याच इंधनांतून येते. त्यात खर्च आज करायचा आणि फायदा तीस वर्षांनी, तोही कदाचित दुसऱ्याच देशातल्या माणसाला. यावर निवडणूक कोण जिंकणार?

2020 आठव. विमानं जमिनीवर, रस्ते ओस, आणि उत्सर्जन घटलं जेमतेम पाचेक टक्के. हवेतला साठा त्या वर्षीही वाढलाच. नवं कर्ज थोडं कमी काढलं म्हणून जुनं फिटत नाही.

एका बाबतीत मात्र तुझंच खरं. पॅरिसमध्ये ठेवलेली दीड अंशाची मर्यादा ओलांडली म्हणजे खेळ खलास, असं नाही. दोन आणि तीन अंशांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अंशाच्या दर दहाव्या भागाला माणसं वाचतात किंवा मरतात. शिवाय 2010 नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरल्या. त्यामुळे जे भलं झालं, ते माणूस शहाणा झाला म्हणून नव्हे, वीज स्वस्त पडली म्हणून. माझा उरलासुरला भरवसा आहे तो तिथे, परिषदांवर नाही.

म्हणून अभ्यासासाठी तुझ्यापुढे जे दोन प्रकल्प आहेत, त्यांपैकी तू सिमेंटचा घ्यावास असं मला वाटतं. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते; भट्टीतला कोळसा बंद केला तरी त्या चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सिमेंटच्या उत्सर्जनात मोठा वाटा त्याचाच असतो. तिथे पॅनेल बसवून भागत नाही. चुनखडीला पर्याय कितपत टिकाऊ निघालेत, हे तुझ्या सरांना विचारून मला कळव.

तुझा,
बाबा