कुत्र्यांसाठीचे अडथळे आधी जमिनीवर आणा

मा. संपादक,
स. न.

नव्या गृहसंकुलांत आणि काही उद्यानांत कुत्र्यांसाठी अडथळ्यांची साधने बसू लागली आहेत, याचा आनंदच आहे. मात्र ती बसवताना मापे स्पर्धेची घेतली जातात आणि खाली पेव्हर ब्लॉक अंथरले जातात. त्यामुळे जिथे कुत्र्याची ताकद वाढायला हवी, तिथे सांधे दुखावण्याची सोय होते.

अडथळ्यांच्या शर्यतीचा हा खेळ, म्हणजे ‘अ‍ॅजिलिटी’, १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात घोड्यांच्या शो-जंपिंगच्या धर्तीवर दाखवला गेला. तो वेगाचा खेळ आहे आणि तयारीच्या कुत्र्यांसाठी आहे. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या स्पर्धांत दीड वर्षाखालच्या कुत्र्याला प्रवेशच नसतो. तिथल्या ए-फ्रेमची, म्हणजे दोन फळ्यांच्या तिकोनी चढ-उताराची, उंची १७० सेंटिमीटर असते. दिवसभर फ्लॅटमध्ये लोळणाऱ्या, पोट सुटलेल्या लॅब्राडोरला तिच्यावरून पळवणे हा व्यायाम नव्हे. कुत्रा नुसता उभा असतानाही त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो; उतारावरून धावत खाली येताना त्याहून जास्त भार खांद्यांवर आणि मनगटांवर आदळतो. वाढत्या पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी अजून मऊ कूर्चा असते. ती लहान जातींत साधारण वर्षाच्या आत पक्की होते, मोठ्या जातींत दीड वर्ष लागू शकते. तोवर उडी नकोच.

खरी ताकद येते ती जमिनीलगतच्या आडव्या नळ्या ओलांडत चालण्याने. एक इंची पीव्हीसी पाइपचे मीटर-सव्वा मीटरचे सहा तुकडे पुरतात. दोन नळ्यांमधले अंतर कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढे ठेवावे: ५० सेंटिमीटर उंचीच्या देशी कुत्र्याला ५० सेंटिमीटर. सुरुवातीला नळ्या जमिनीवरच टेकलेल्या असाव्यात. कुत्रा न अडखळता चालू लागला की त्या चार-पाच सेंटिमीटर उचलाव्यात. कितीही सराव झाला तरी मागच्या पायाच्या टाचेच्या सांध्यावर नळी जाऊ देऊ नये.

पट्टा सैल धरून, माणसाच्या सावकाश चालीने न्यावे. प्रत्येक पाय वेगवेगळा उचलला गेला पाहिजे; मांड्या, पोट आणि पाठ यांचे स्नायू त्यातूनच कामाला लागतात. बहुतेक जण इथे एक चूक करतात: खाऊ हातात उंच धरतात. मग कुत्र्याची मान वर जाते, पाठ खोलगट होते आणि मागचे पंजे नळीवर टकटक आपटू लागतात. खाऊ नाकाच्या रेषेत धरावा किंवा शेवटच्या नळीपलीकडे जमिनीवर ठेवावा. तरीही पंजे लागत असतील तर आधी अंतर तपासावे. अंतर बरोबर असेल तर कुत्रा दमला आहे, तिथेच थांबावे. मागचे दोन्ही पाय जोडीने उचलून सशासारखी उडी घेत असेल, आणि अंतर बदलूनही तसेच चालत असेल, तर खुब्याची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी. चार-पाच फेऱ्या, थोडी विश्रांती, पुन्हा तेवढ्याच. दिवसाआड एवढे पुरे.

बाकीची साधनेही जमिनीलगतच असावीत. तोल सांभाळण्याची फळी ३० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम तेवढीच उंच, रंगात वाळू मिसळून खरखरीत केलेली. बोगदा ६० सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी वाळूच्या पोत्यांनी दाबलेला, नाहीतर तो आत कुत्रा असतानाच लोळतो. बोगद्यात साखळी-पट्टा गळ्यात ठेवून कधीही पाठवू नये.

खाली माती, हिरवळ किंवा वाळू हवी. पावसाळ्यात फळ्यांवर शेवाळ धरते, ते घासल्याशिवाय साधन वापरू नये. उन्हाळ्यात पृष्ठभागावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही तिथे नकोत. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत धापा टाकूनही अंग लवकर थंड होत नाही, म्हणून व्यायाम सकाळी लवकरच. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींबाबत तर अधिकच सांभाळून. जीभ रुंद होऊन लोंबू लागली, हिरड्या गडद लाल दिसल्या की सावलीत न्यावे, अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. आणि जाडजूड कुत्र्याचा आधी आहार कमी व्हावा. हाताला बरगड्या लागत नसतील तर त्याने उडीच्या अडथळ्याकडे वळूच नये.

सोसायट्यांच्या समित्या आणि पालिकांचे उद्यान विभाग यांना आमची कळकळीची विनंती आहे. उडीच्या आडव्या दांड्या खांबांना वेल्डिंग करून पक्क्या बसवल्या असतील तर त्या आधी कापून काढाव्यात. धक्का लागताच दांडी खाली पडलीच पाहिजे. ती अडकून राहिली तर कुत्र्याचा पाय मोडतो. ए-फ्रेमच्या फळ्यांना जोडणारी साखळी लांब करून शिखर मीटरभराच्या खाली आणावे. पेव्हर ब्लॉक काढून मातीचा जाड थर द्यावा. शेजारी वयाची अट आणि नळ्यांची मापे लिहिलेला मराठी फलक लावावा. यातल्या बहुतेक कामांना गवंडी आणि वेल्डर यांचा एक दिवस पुरतो. पावसाळ्याआधी ती उरकून घ्यावीत.

आपले,
काही श्वानप्रशिक्षक, पुणे