राजापूर मतदारसंघाचं नाव तरी नीट छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात कोकणातल्या खासदारांवर लेख आला होता, वाचून आनंद झाला पण एका जागी अडखळलो. त्यात बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांना सरळ ‘रत्नागिरी-सिंधुदुर्गचे खासदार’ लिहिलंय. नाथ पै गेले १८ जानेवारी १९७१ ला, तेव्हा सिंधुदुर्ग नावाचा जिल्हाच नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाचं पहिलं इलेक्शन २००९ चं. ही दोघं निवडून आली ती राजापूरमधून. राजापूर लोकसभा मतदारसंघ. हे नाव आता नवीन पोरांना माहीतच नाही, विधानसभेचा राजापूर अजून आहे म्हणून लोकांना वाटतं तोच असेल.

माझं गाव देवगड तालुक्यात. लांजा, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून आमचा राजापूर व्हायचा. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत नाथ पै पहिल्यांदा इथून लोकसभेत गेले, मग ६२ आणि ६७ ला. वेंगुर्ल्याचा माणूस, विलायतेत बॅरिस्टर झालेला, बोलायला लागला की पंडित नेहरूंचं सरकारसुद्धा कान देऊन ऐकायचं असं आमचे वडील सांगायचे. गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने संसदेला मूलभूत हक्कात बदल करता येत नाही म्हटल्यावर तो अधिकार संसदेकडे राहावा म्हणून घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक आणलं ते याच आमच्या विरोधी पक्षातल्या खासदाराने. सीमाप्रश्नासाठी झटत राहिले आणि शेवटचा श्वासही बेळगावातच घेतला, वय जेमतेम ४८.

दोन महिन्यांत इलेक्शन आलं आणि दंडवते उभे राहिले. माणूस नगरचा, मुंबईत फिजिक्स शिकवणारा, कोकणाशी जन्माचं नातं नाही, तरी लोकांनी ७१, ७७, ८०, ८४, ८९ असं पाच वेळा निवडून दिलं. सगळे त्यांना नाना म्हणायचे. ८४ चं तर मला चांगलं आठवतं, इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला, आणि आमची आजी चुलीपुढे बसून म्हणत होती, “इंदिराबाय गेली ता वायट झाला, पण मत नानांकच.” तशी ती एकटीच नव्हती, त्या लाटेतसुद्धा राजापूर नानांच्याच मागे राहिलं. म्हणजे १९५७ ते १९९१, चौतीस वर्षांत दोनच खासदार आणि दोघंही समाजवादी. पैशाच्या जोरावर हे होत नाही हो, तेव्हा आमच्याकडे घरोघर मुंबईच्या मनीऑर्डरवर चूल पेटायची.

७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर नानांनी सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर फोम घातला, आज आपण स्लीपरमध्ये पाठ टेकतो ती त्यांची कृपा. ७४ च्या संपात काढलेले रेल्वे कामगार परत कामावर घेतले. आणि कोकण रेल्वे! नाथ पैंनी लोकसभेत मागितली, नानांनी पाठ सोडली नाही, शेवटी १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं तेव्हा नाना अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पण गाडी पूर्ण मार्गावर धावली २६ जानेवारी १९९८ ला, तोवर राजापूरने नानांना घरी बसवलं होतं. ९१ ला ते हरले, काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे ९६ पासून चार वेळा शिवसेनेकडून सुरेश प्रभू आले, वाजपेयींच्या सरकारात वीजमंत्री म्हणून चांगलं काम केलं, आणि राजापूरचे शेवटचे खासदार तेच.

मग २००८ चं डिलिमिटेशन, म्हणजे मतदारसंघांची नव्याने आखणी. जनगणना २००१ ची धरली, कोकणात पूर्वी कुलाबा, रत्नागिरी, राजापूर अशा तीन जागा होत्या त्यांच्या दोन झाल्या, रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग. दापोली, गुहागर रायगडला जोडले आणि आमच्या खासदाराला आता चिपळूणपासून बांद्यापर्यंत दोनशे किलोमीटरच्या वर धावायचं. सिंधुदुर्गाचे आमदार चाराचे तीन झाले, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली, आमचं गाव आता कणकवलीत मोजतात.

का झालं हे, तर माणसं कमी. पण माणसं कमी का हो? ती डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला, परळला आहेत म्हणून. मी पण त्यातलाच. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, यातच सगळं आलं. आणि त्याच जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली, रत्नागिरीची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. पुढचं डिलिमिटेशन नुसती डोकी मोजून केलं तर आणखी काय काय जाईल याचा विचार आमचे पुढारी करताना मला दिसत नाहीत. दक्षिणेतली राज्यं यावर केवढा आवाज करतायत, आणि कोकणातून एक शब्द नाही. गावात घर, सातबारा, गणपती सगळं आहे, फक्त पोट मुंबईत आहे अशा माणसाची गावाच्या हिशोबात काहीच नोंद नाही का?

एवढीच विनंती की लेखात दुरुस्ती छापावी, आणि नाथ पै, दंडवते, सावंत, प्रभू यांच्या नावापुढे ‘राजापूर’ असं स्पष्ट लिहावं. जागा मिळाली तर सहाही विधानसभांची जुनी नावं सोबत द्यावीत.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (मूळ गाव ता. देवगड)