चमक मंदावली म्हणजे पाराच, असे नव्हे

पाण्यातील पारा ओळखणाऱ्या चमकत्या कार्बन डॉट्सवरील, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांवरील, बातमी वाचली. संशोधन मोलाचे आहे, पण ‘थेंब टाका, उत्तर मिळवा’ हा तिचा सूर दिशाभूल करणारा वाटला.

दहा नॅनोमीटरहून लहान असे हे कण ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली निळे चमकतात आणि पारा चिकटला की मंदावतात. मात्र पाण्यात लोह असेल तर ते स्वतःच अतिनील प्रकाश शोषते, म्हणजे पारा नसतानाही चमक घटते. उलट, कुजलेल्या पाल्यातून येणारी ह्युमिक द्रव्ये स्वतःच निळसर चमकतात आणि खरी घट झाकतात. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) बदलला तरी आकडा हलतो.

म्हणून नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावा, बफरने (सामू टिकवून धरणाऱ्या द्रावणाने) सामू स्थिर करावा आणि कण न घालता त्याच पाण्याची चमक आधी मोजावी. मग त्याच पाण्यात लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम पारा मुद्दाम मिसळावा. चाचणीत वाढ पाचऐवजी दोन मायक्रोग्रॅमचीच दिसली, तर त्या पाण्यासाठी ती चाचणी निकामी. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील अजैविक पाऱ्याची मर्यादाच लिटरमागे ६ मायक्रोग्रॅम आहे, तिथे इतकी चूक कशी चालेल? शुद्ध पाण्यातले आकडे छापताना नदी-विहिरीच्या पाण्यातलेही छापावेत, ही विनंती.

– एक वाचक